अंजिराच्या बाटलीत नारळ

"नाल्लाचो रोस काडला कितें गो तुवें?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं तेव्हा मी हॉलमध्ये चपला शोधत होते, आणि घरात नारळ फोडलेलाच नव्हता. मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं, आदल्या दिवशीचं खवलेलं खोबरं फ्रीजमध्ये डब्यात तसंच. रोस म्हणजे नारळाचं दूध, सोलकढीला काढतो ते, इथे गोव्यात त्याला रोसच म्हणतात आणि वीस वर्षांनी आता माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. मी म्हटलं नाही हो आई, सकाळी सव्वासातला कोण रोस काढणार. त्या बाहेर आल्या, माझ्या बाजूने तुळशीकडे गेल्या, दोन पावलं मागे आल्या आणि माझ्या हाताकडे अशा बघायला लागल्या की जणू मी अंगावर कढी सांडून घेतलीये.

"तुकाच येता गो वास."

आणि मी लावलं होतं अंजिराचं परफ्यूम.

हे प्रकरण दिवाळीपासूनचं. भाऊबीजेला माहेरी गेले होते, सासवडच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे भाचीने एक बोटाएवढी काचेची बाटली हातात ठेवली. ती पुण्यात नोकरी करते आणि पगारातला बराच भाग असल्या वासांवर उडवते असं तिच्या आईचं म्हणणं. मोठी बाटली आपल्याला परवडणारी नसते म्हणून हे परफ्यूमवेडे लोक एक बाटली घेतात आणि आपापसात पाच-पाच मिली वाटून घेतात, त्याला डिकँट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवून तिने पेनने लिहिलं होतं 'फिलोसिकोस'. मी म्हटलं हे काय औषधाचं नाव आहे का. तर म्हणे ग्रीक आहे आत्या, अंजीरप्रेमी असा अर्थ, तुझ्यासाठीच घेतलं, आजोबांच्या बागेसारखा वास येतो का सांग.

आता आजोबांची बाग म्हणजे माझ्या वडिलांची, अंजिराची. पुरंदरचं अंजीर म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, 2016 मध्ये त्याला जीआय मानांकनही मिळालं, पण आम्ही लहान होतो तेव्हा असलं काही नव्हतं, अंजीर म्हणजे नुसता ताण. डाळिंब दोन दिवस थांबतं, सीताफळ एक दिवस थांबतं, अंजीर थांबतच नाही. पहाटे अंधारात तोडा सुरू करायचा आणि उन्हं यायच्या आत पाट्या भरून टेम्पोत, कारण ऊन लागलं की फळ मऊ पडतं, देठाशी चीर जाते आणि मग मार्केट यार्डात कोण विचारत नाही. पाटीत खाली अंजिराचीच पानं अंथरायची, मग फळांचा थर, मग परत पानं. मला लहान म्हणून पानं अंथरायचं काम. थंडीतला खट्टा बहार तसा कोणाच्या खिजगणतीत नसायचा, सगळी मदार उन्हाळ्यातल्या मीठा बहारावर, त्यामुळे आमच्या घरी मार्च ते मे कोणाचं लग्न निघालं तरी वडिलांच्या कपाळाला आठी.

आणि चीक. तो विसरणं शक्य नाही. अंजिराचं पान किंवा कच्चं फळ देठापासून तोडलं की पांढराशुभ्र दुधासारखा चीक गळतो, तो हाताला लागला की खाज, म्हणून बायका हाताला तेल लावायच्या नाहीतर जुने पायमोजे घालायच्या. पाचवीत असताना मी उघड्या हातांनी सकाळभर पानं तोडली आणि नंतर दुपारी उन्हात विहिरीवर खेळले, दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर भाजल्यासारखे फोड. आईने कडुलिंब लावला, आजीने दृष्ट काढली. फोड गेले पण त्यांचे तपकिरी डाग पुढे कितीतरी महिने होते. हा प्रसंग मला इथे उगाच आठवला नाही, पुढे त्याचं काम आहे.

तर असं सगळं डोक्यात असताना मी त्या बाटलीची पहिली फवारणी मनगटावर केली, तिथेच ओसरीत, सगळे बघतायत, भाऊ पण. आणि खरं सांगायचं तर माझा चेहरा पडला. अंजिराचा वास नव्हता. काहीतरी हिरवं, कडवट, नाकात जरा टोचणारं. भावाने हुंगलं आणि म्हणाला, हे तर फवारणी केल्यावर येतं तसं येतंय. भाचीचा हिरमोड झाला. मी तिला धीर द्यायला म्हटलं छान आहे गं, आणि बाटली पर्समध्ये टाकली.

पण मला सांगा, अंजिराला वास असतो का? हा प्रश्न मला गोव्याला परत येताना बसमध्ये पडला. हापूस घरात आणला तर आंधळ्यालाही कळतं. फणस तर शेजारच्या वाड्यावर कळतो. अंजीर नाकाशी धरा, काही नाही, थोडा मधासारखा भास, फार तर ओल्या गवताचा. सगळी गंमत जिभेवर. मग मी कसला वास शोधत होते त्या बाटलीत?

जानेवारीतल्या एका रविवारी नवरा आणि मुलगी दोघंही बाहेर होते, सासूबाई देवळात गेलेल्या, तेव्हा मी हे नीट करून बघायचं ठरवलं. आंघोळ करून, कुठलंही पावडर-क्रीम न लावता, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोन फवारे, आणि हात न चोळता नुसती व्हरांड्यात बसले. चोळल्याने वासाचे रेणू चिरडतात असं लोक सांगतात ते काही खरं नाही, पण चोळल्याने कातडी गरम होते आणि वरवरचा पहिला वास लवकर उडून जातो, एवढं मात्र होतं.

पहिला क्षणभर नुसतं अल्कोहोल, इंजेक्शनच्या आधी कापूस फिरवतात तसं थंड. ते उडालं आणि पान आलं. आता घाई नव्हती म्हणून कळलं की हे पानच आहे, फळ नाहीच. हिरवं म्हणजे कोथिंबिरीचं किंवा गवताचं हिरवं नाही, जाड, खरखरीत, मागच्या बाजूला लव असलेलं पान मधोमध टर्रकन फाडल्यावर जे येतं ते, त्यात थोडा कडूपणा, थोडा टोमॅटोच्या रोपाला हात लागल्यावर बोटांना राहतो तसला वास. वीसेक मिनिटं ते असं दमदार होतं, मग त्याच्या कडा बोथट व्हायला लागल्या. कोणी हिरव्या रंगात चमच्याचमच्याने दूध घालावं तसं. मी दर थोड्या वेळाने हात नाकाशी नेत होते आणि प्रत्येक वेळी दुधाचा भाग वाढलेला, आणि मग अकराच्या सुमाराला ते दूध गाईचं राहिलं नाही, नारळाचं झालं. अगदी ताजं खोबरं, खवणीवर पहिला हात फिरवल्यावर येतं ते. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या.

दुपारी जेवताना हाताला वरणाचा वास, तो मध्ये येऊ नये म्हणून चमच्याने जेवले, सासूबाईंनी विचारलं हाताला कितें जालें. तीनच्या पुढे नारळही मावळत गेला आणि खाली लाकूड राहिलं. चंदनाकडे झुकणारं पण चंदन नाही, कोरडं, उन्हात पडलेल्या फांदीसारखं. संध्याकाळी दिवेलागणीला मनगटाला नाक टेकवलं तरच काहीतरी होतं, माझ्या कातडीचा वास आणि तो, वेगळे काढता येईनात.

असं उलगडतं कसं ते मला लग्नाच्या हॉलवरून पटलं. सगळे एकदमच आलेले असतात पण जातात वेगवेगळे. अक्षता पडल्या की ऑफिसची मंडळी पाकीट देऊन पसार, जेवणं झाली की लांबचे नातेवाईक, आणि रात्री खुर्च्या एकावर एक रचायला घरचेच चारजण. परफ्यूममध्ये हलके रेणू आधी उडतात, जड रेणू कातडीला धरून बसतात, टॉप नोट, हार्ट नोट, बेस नोट म्हणतात ते एवढंच. त्यात इथली हवा. फोंड्याहून पणजीला मी कदंबाच्या शटलने जाते, घरून निघताना लावलं तर उकाड्यात खांडोळ्याच्या पुलापर्यंतही... नाही, तो रस्ता वेगळा, चुकले, म्हार्दोळ येईपर्यंतच पानाचा भाग संपलेला असतो आणि बसमध्ये मी खोबऱ्याची वडी होऊन बसलेली असते. तेच ऑफिसच्या एसीत बसून लावलं तर पान तासभर हलत नाही. पाच मिलीमध्ये असले प्रयोग करायला जीव तुटतो, पण केले.

मग अर्थातच मी वाचायला बसले. मुलगी म्हणाली मम्मी तू रॅबिट होलमध्ये गेलीयेस, मी म्हटलं गेले तर गेले.

अंजिराच्या परफ्यूमची सुरुवात फार जुनी नाही. लॅव्हेंडर, गुलाब, संत्र्याची फुलं ह्यांच्यावर शेकडो वर्षं काम झालं, पण अंजिराचं झाडच्या झाड बाटलीत भरायचं हे पहिल्यांदा केलं ते ओलिविया जियाकोबेत्ती नावाच्या फ्रेंच बाईंनी, 1994 मध्ये, त्याचं नाव 'प्रमिए फिगिए', म्हणजे पहिलं अंजिराचं झाड. आणि 1996 मध्ये परत त्यांनीच दुसऱ्या कंपनीसाठी, दिप्तिकसाठी, हे फिलोसिकोस केलं. दिप्तिक हे पॅरिसमधलं दुकान तिघा मित्रांनी 1961 मध्ये सुरू केलेलं, आधी परफ्यूमचं नव्हतंच, कापडं आणि शोभेच्या वस्तू विकायचे. ग्रीसमध्ये पेलिऑन नावाचा डोंगर आहे, तिथल्या उन्हाळ्यातल्या अंजिराच्या झाडांची आठवण ह्या वासामागे आहे असं ते सांगतात. म्हणजे बघा, कोणाची तरी ग्रीसमधली सुट्टी, एका बाईने पॅरिसमध्ये बसून बांधलेली, आणि माझी भाची त्यात आमची दिवेघाटापलीकडची बाग शोधतेय.

पण मला थबकायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. ह्या परफ्यूममध्ये अंजिराच्या झाडाचं काहीच नसतं. फळातून काढण्यासारखा वास नाही हे तर आपण बघितलंच. पानातून अर्क निघतो, पण तो वापरायला बंदी आहे, सुगंध उद्योगाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इफ्रा, तिच्या नियमात अंजिराच्या पानाचा अर्क वर्ज्य आहे. कारण? त्या पानात आणि चिकात सोरालेन, बर्गाप्टेन अशी द्रव्यं असतात, ती कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग राहतात. हे वाचलं आणि मी माझ्या हातांकडे बघत बसले. पाचवीतले फोड. आजीने ज्याची दृष्ट काढली, त्या गोष्टीचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

मग वास येतो कुठून, तर रसायनांतून. पानाच्या वासासाठी स्टेमोन नावाचा एक रेणू वापरतात, कापल्या गवताच्या वासाचे काही आणखी, आणि दुधाळपणासाठी लॅक्टोन. हे लॅक्टोन म्हणजे एक मोठं घराणंच आहे, लोण्यात ते, सायीत ते, पीचमध्ये ते आणि खोबऱ्यात तर तेच ते. त्यातला एक, गॅमा-नोनालॅक्टोन, परफ्यूमवाल्यांच्या जगात 'अल्डिहाइड सी-18' ह्या नावाने ओळखला जातो, प्रत्यक्षात तो अल्डिहाइडही नाही आणि त्यात अठरा कार्बनही नाहीत, नऊच आहेत, कधीतरी कोणीतरी नाव दिलं आणि ते चिकटलं. आमच्या गावात एकाचं नाव पैलवान आहे, त्याचं वजन चाळीस किलो असेल, तसंच. तर सासूबाईंच्या नाकाने सकाळी सव्वासातला जे ओळखलं ते चूक नव्हतं, ज्या घराण्याचा वास त्यांनी साठ वर्षं रोज हाताने पिळून काढला ते घराणं त्यांना मनगटावरही कळलं. मला कळलं नाही कारण मी अंजीर शोधत होते.

इथे मध्येच एक गंमत सांगते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या आंटीला मी उत्साहाने हात पुढे करून सांगितलं की हे फिगचं परफ्यूम आहे. तिने हुंगलं, विचार केला, आणि म्हणाली, "पूण केळ्यांचो वास येना." मला कळेना केळी कुठून आली. तर गोव्यात जुन्या लोकांच्या तोंडी फिग म्हणजे केळं! पोर्तुगीज इथे आले तेव्हा त्यांनी केळ्याला भारतातलं अंजीर म्हटलं, फिगो. केळ्याचा घट्ट आटवलेला गोड पदार्थ करतात ती अजून फिगादच, आणि त्याला म्हापशाजवळच्या मोयऱ्याची मोठी केळी लागतात म्हणजे लागतात, दुसरी चालत नाहीत. पणजीत चर्चच्या समोर जी बाग आहे ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची, मी कित्येक वेळा डबा खायला तिथे बसते. हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि इथल्या औषधी, फळं, मसाल्यांवर त्याने संवादरूपात ग्रंथ लिहिला, तो 1563 मध्ये इथे गोव्यातच छापला. त्यातही केळी येतात ती अंजीर ह्या नावानेच. म्हणजे साडेचारशे वर्षांपासून ह्या गावात अंजीर म्हणून दुसरंच काहीतरी हातात पडतंय, मी काही पहिली नाही. आंटीने मात्र दुसऱ्या दिवशी वाटीभर फिगाद पाठवली, "हें खरें फिग" असा निरोप देऊन.

खऱ्या अंजिराचा इथला नातलग आमच्या परसात उभा आहे तो उंबर, कोकणीत रुमड. सासऱ्यांनी दत्ताचं झाड म्हणून तोडू दिलं नाही, त्यामुळे न्हाणीघराची भिंत दोनदा बांधली. अंजीर आणि उंबर दोघांचीही फुलं फळाच्या पोटात, बाहेरून दिसतच नाहीत, म्हणून तर क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. उंबराच्या आत परागीकरण करणारी चिलटं शिरतात, फळ फोडलं की भुर्रकन बाहेर येतात, उंबर फोडून केंबरं उडवू नये म्हणतात ते त्यावरूनच. आमच्याकडच्या पुण्याच्या अंजिराला मात्र ह्या कीटकाची गरज लागत नाही, ते परागीकरणाशिवायच फळ धरतं. मी रुमडाचं पान तोडून हुंगून बघितलं, चीक आला, वास मात्र नुसता हिरवा, पाणचट. नातं आहे पण वळण नाही घेतलेलं.

गोव्याच्या बायकांना परफ्यूमचं कौतुक फारसं नाही, असं माझं निरीक्षण आहे, आणि मला त्याचं कारण दिसतं. ज्या गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीच्या वळेसराने, म्हणजे गजऱ्याने, अख्खी बस भरून जाते तिथे मनगटावरच्या दोन थेंबांना कोण विचारतो. म्हार्दोळच्या जायो घ्या, महालसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हा गाभाऱ्याबाहेर उभं राहिलं तरी डोकं सुन्न होतं. फुलांचा वास एकदम येतो, सगळाच्या सगळा, आणि संध्याकाळी फूल मलूल झालं की वासही तिथेच थांबतो. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, वास माळायचा असतो, मारायचा नसतो. मला ते वाक्य आवडलं पण पूर्ण पटलं नाही. कारण वेणी दुसऱ्यांसाठी असते हो, ती मागे असते, माळणारीला तास-अर्ध्या तासाने वास यायचाच बंद होतो. हे मनगटावरचं माझं एकटीचं होतं. ऑफिसात बिलं तपासताना हात गालाला टेकला की कळायचं, आत्ता पान आहे, आत्ता रोस आहे, आता लाकूड, म्हणजे साडेपाच वाजत आले.

आणि ह्या वासाच्या मधल्या टप्प्याला, पान अजून पूर्ण गेलेलं नाही आणि नारळ आलेला आहे अशा त्या पंधरा-वीस मिनिटांना मला एक जुनी ओळख वाटायची, पण नाव आठवायचं नाही. ते एकदा पंचायतीच्या लायनीत उभं असताना आठवलं. पातोळ्या! नागपंचमीला हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पातळ थापून, मध्ये गूळ-खोबऱ्याचं चून भरून, पान दुमडून मोदकपात्रात वाफवायच्या. झाकण काढल्यावर पहिली वाफ तोंडावर येते तिच्यात हेच, शिजलेलं हिरवं पान आणि गरम खोबरं. आमच्या आंटीकडे पंधरा ऑगस्टला करतात, तिच्याकडे सायबिणीचं, मेरीमातेचं, फेस्त असतं, म्हणजे श्रावणात दोनदा तो वास आमच्या कंपाउंडच्या दोन्ही बाजूंना फिरतो. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हळदीचं पान पहिल्यांदा पाहिलं. सासूबाईंनी पानाचा टोकाकडचा भाग कसा दुमडायचा ते दाखवलं, मला तीनदा जमलं नाही, चौथ्यांदा त्यांनी माझा हात धरून दुमडला. वास त्यांच्या हाताला होता.

मी हे नवऱ्याला सांगितलं, म्हटलं माहेरचा म्हणून आणलेला वास सासरचा निघाला. तो म्हणाला, फसवलं तुला भाचीने, पैसे परत माग.

एप्रिलच्या मध्यावर भावाचा फोन आला की मीठा बहार चांगला आलाय, तांबेरा यंदा नाही, एक पाटी तुला पाठवतो. मी म्हटलं नको रे, गोव्यापर्यंत कुठे टिकतात. पण त्याने ऐकलं नाही, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सला ठेवून दिली. नवरा सकाळी स्टँडवरून घेऊन आला तेव्हा पाटीखालून रस गळत होता आणि त्याच्या स्कूटरच्या फूटबोर्डवर मुंग्या चढलेल्या. चूक कोणाची नाही, चौदा तास आणि एप्रिल, अंजीर थांबत नाही हे भावाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, त्याला पाठवायचीच होती. वरची फळं फुटलेली, मधली आंबलेली, तळाशी दहा-बारा बरी निघाली ती ताटलीत काढली.

पानं मात्र शाबूत होती. रात्रभर उबेला राहून मलूल झालेली, पोपटीवरून शेवाळी झालेली, कडा वाळत आलेल्या. ती मी गोळा करून खतात टाकायला उचलली आणि हात तसाच राहिला.

खोबरं. सुक्या खोबऱ्याचा, थोडा गवताच्या गंजीचा, कोरडा गोड वास. पानांतून.

आमच्या गावाला नारळ म्हणजे पूजेपुरता, देवापुढे फोडला की प्रसादाला बोटभर तुकडा, रोस-बिस काय असतो मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं, त्यामुळे टेम्पोच्या हौद्यात पाट्यांमध्ये बसून मार्केट यार्डला जाताना जो वास माझ्या फ्रॉकला लागायचा त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी त्याला अंजिराचा वास म्हणायचे. मुलीने लगेच मोबाइलवर शोधून सांगितलं, की अंजिराचं पान सुकलं, तापलं, दुधात उकळलं की नारळासारखंच येतं, बाहेरच्या देशांत आचारी त्याचं आईस्क्रीम करतात. ती असं सांगत होती जसं काही शोध तिनेच लावला. त्या जियाकोबेत्तीबाईंनी नारळ मनाने घातला नव्हता, उन्हात तापलेल्या झाडाखाली उभं राहून त्यांनी तो ओळखला असणार.

मी भावाला फोन लावला. म्हटलं पाटीतली पानं उन्हाने मलूल झाली की त्यांना कसला वास येतो सांग. तो बागेतच होता, मागे पंपाचा आवाज.

"पानाला कसला वास? फळं कशी निघाली ते सांग."

"गोड आहेत," मी म्हटलं.

सासूबाई अंगणात सोलां वाळत घालत होत्या, भिण्णांची, म्हणजे कोकमांची, सालं सुपात पसरलेली, बोटं जांभळी झालेली. मी एक पान त्यांच्या नाकाशी धरलं, काही न सांगता. त्यांनी डोळे मिटले, परत हुंगलं, पान उलटं करून मागची लव अंगठ्याने चोळून बघितली.

"हें तुजें तें सेंट न्ही गो?"

मग माझ्या हातातली बाकीची पानं काढून घेतली, दुसरं सूप आणायला सांगितलं, आणि सोलांच्या शेजारी एकेक पान उलगडून ठेवायला लागल्या.